भिंतीपलीकडचे माग

माझे मामा दादाजी मेश्राम राहायचे जरीपटक्याजवळ. त्यांचे वडील उमरेडकडच्या खेड्यात घरीच जाडंभरडं कापड विणत, त्यामुळे मामांचा हात लहानपणीच मागावर बसला होता. तरी नागपूरच्या गिरणीनं त्यांना घातलं कताईखात्यात, जिथे बहुतेक आमच्याच समाजाची माणसं. भिंतीपलीकडे मागखातं. तिथला पगार इथल्याच्या दीडपट. मामांना तिथे जायचं होतं, बाकी काही नको होतं.

पण मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात नवी कांडी भरली की तिचा धागा छिद्रातून तोंडानं ओढून घ्यायची पद्धत होती. एकाचा धोटा दुसऱ्याच्या तोंडी जायचा. मागखात्याचे मुकादम भैयाजी तोंडावर सांगायचे, "तुया तोंडचा धोटा आमी कसा तोंडात घ्यावा गा?"

छप्पन साली मामांनी दीक्षा घेतली आणि पुन्हा विचारायला गेले. "आता तं मी बौद्ध आहो. आता काहून नाही?"

"तोंड तं तेच आहे ना," भैयाजी म्हणाले. वर हसले.

हे आठवलं की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

सदुसष्ट साली मागवाल्यांनी मुंबईच्या दराची मागणी केली. काम तेच, कापड तेच, मग मुंबईच्या विणकराला जास्त का? मागणी रास्तच होती. गिरणीचे साहेब फाटकावर येऊन म्हणाले, "मुंबईचा माग इथल्यापेक्षा जास्त कापड काढतो. इथे माग जुने, आणि त्यातलेही कितीतरी माणसांवाचून बंद. आधी उत्पादन वाढवा, मग दर मागा."

मामा गर्दीतून पुढे झाले. "मले विनता येते साहेब. बंद मागावर मले बसवा."

साहेब बाहेरगावचे, त्यांना माणूस हवा होता. हो म्हणाले. दुसऱ्या सकाळी मामा मागावर बसले. तारेचा आकडा करून नेला होता, त्यानंच धागा ओढला. धोट्याला तोंड लावलंच नाही. तरी तासाभरात सगळं मागखातं काम टाकून उभं राहिलं. समान दाम मागणारे हेच शहाणे! साहेबांनी हात टेकले. दुपारी मामा परत कताईत आणि तो माग पुन्हा बंद. मुंबईच्या मागे राहू, पण मेश्रामच्या शेजारी बसणार नाही, असा सगळा न्याय.

महिनाभरानं मागवाल्यांनी संप पुकारला. युनियनचे मधुकरराव घरी आले. "दादाजी, कताईखात्याचा पाठिंबा पाहिजे. मुंबईचा दर घ्यायचाच."

"मुंबई बहुत दूर आहे, मधुकरराव. तुमी तं मले भिंतीपल्याड नाही येऊ देल्लं."

"ते नंतर पाहू."

"मंग संपही नंतर करू."

संपाच्या दिवशी मामा कामावर गेले आणि त्यांच्यामागे अख्खं कताईखातं. आठवड्यात संप मोडला. मुंबईचा दर काही आला नाही. मागवाले मामांना मरेपर्यंत फितूर म्हणत राहिले. फितूर व्हायला आधी आपल्यात घ्यावं लागतं माणसाला.