गोदावरीत सोडलेली तेलकट वही

नवऱ्याला अपंग म्हणवून घेण्यासाठी देवीला साकडं घालावं लागेल, असं कुणी आधी सांगितलं असतं तर मी त्याच्याशी भांडले असते. पण वेळ तीच आली. हे मालवाहू जहाजावर इंजिनघरात तेलवाला, म्हणजे यंत्रांना तेल देणारे, होते. आमच्या बोथ गावाहून समुद्र कुठल्याच दिशेला जवळ नाही, तरी पंधरा वर्षं हे जात-येत राहिले आणि शेवटच्या खेपेला दमा घेऊन परतले. दहा पावलं चालले की थांबायचे. डॉक्टर म्हणाले, तेलाच्या धुरानं छाती गेली आहे, आता जहाज नको. कामामुळे आजार जडला तर अपंगत्वाची भरपाई मिळेल, असं करारात होतं. पण ह्यांना तो शब्दच सोसेना. "हातपाय धड हायेत माह्ये. अपंग काऊन म्हनू सोताले?" कशीबशी समजूत घालून मी अर्ज करायला लावला. कंपनीचं उत्तर आलं की आजार घरचाच दिसतो, जहाजावर त्रास झाल्याचा पुरावा पाठवा. दुसऱ्याच दिवशी हे जहाजाची पेटी पुसायला बसले, परत जायच्या तयारीनं.

पुरावा होता, आणि तो मीच बुडवला होता. आमच्या घरी लिहून संपलेली वही रद्दीत जात नाही. अक्षर सरस्वतीचं, म्हणून वसंत पंचमीला वर्षभराच्या भरलेल्या वह्या बासरला तिच्या देवळापाशी नेऊन गोदावरीत सोडायच्या, ही सासूबाईंपासूनची रीत. हे परतले त्या वर्षी मुलींच्या वह्यांबरोबर देवळीतली ह्यांची तेलकट वहीही मी उचलली. शेवटच्या पानापर्यंत भरलेली होती, एवढंच पाहिलं. कोणत्या दिवशी छाती भरली, कधी औषध घेतलं, हे सगळं त्यात तारखेनिशी लिहिलेलं होतं. कंपनीचं पत्र आल्यावर हे देवळी धुंडाळू लागले तेव्हा मी सांगून टाकलं. वाटलं, आता आभाळ कोसळेल. हे हसायला लागले, हसता हसता खोकले. "वाचू दे देवीले. इंजिनातलं नाई समजलं त इचारन मले." ते रागावले असते तर मी इतकी रडले नसते. राग मला देवीचाच आला. तुझ्यासाठी केलं, आणि तूच माझं माणूस परत समुद्रात ढकलतेस?

तरी बासरला गेले. माफी मागायला की जाब विचारायला, ते मलाही माहीत नव्हतं. मी नको नको म्हणत असताना हेही बसमध्ये चढले. दर्शन झाल्यावर घाटावर टेकलो. हे मला काहीतरी सांगत होते, नेहमीसारखं ओरडून, आणि मी दटावत होते. नातीला अक्षराभ्यासाला, म्हणजे पहिलं अक्षर गिरवायला, आणलेले एक तेलुगू आजोबा वळून पाहू लागले. मी ओशाळले. ते जवळ आले आणि हिंदीत म्हणाले, "जहाज पे थे क्या? इंजन में? इंजनवाले ही ऐसे बोलते हैं।" ते स्वतः जहाजावर भंडारी, म्हणजे स्वयंपाकी होते. मग माझ्या तोंडून सगळं बाहेर पडलं. त्यांनी ह्यांना विचारलं, "दवाई कौन देता था?" हे म्हणाले, "सेकंड साहब।" म्हणजे जहाजावरचा दुसरा अधिकारी. तशी आजोबांनी मान डोलावली. "एक गोली दी तो भी वो अपनी किताब में लिखता है, दस्तखत लेता है। आपकी कापी डूबी, अम्मा, जहाज की किताब कहाँ डूबी? नक़ल माँगो।" ह्यांनी कपाळाला हात लावला. सह्या ह्यांनीच केल्या होत्या, पण तेलवाल्याला साहेबाची वही मागता येते हे कधी मनातच आलं नव्हतं. नात हात ओढू लागली आणि आजोबा गर्दीत गेले. नाव विचारायचं राहूनच गेलं.

मुंबईच्या खलाशी संघटनेमार्फत मागणी केली. बरेच महिने गेले, पण नक्कल आली. त्रासाच्या चार नोंदी इंग्रजीत, आणि प्रत्येकीखाली ह्यांची मराठी सही, सहीवर सासूबाईंनी शिकवलेला छोटा श्री. कंपनीनं मग वाद घातला नाही. मंजुरीच्या कागदावर सही करताना हे 'अपंग' या शब्दापाशी जरा थांबले, माझ्याकडे पाहिलं, आणि आधी श्री काढला. जहाजाच्या त्या पेटीत मी त्याच दिवशी गहू भरले.

आजोबा कोण होते, ते त्याच वेळी तिथे कसे, यावर मी डोकं चालवत नाही. इतकंच कळलं की मी घाबरून घट्ट धरून बसले होते ते माझ्या हातात कधी नव्हतंच. देवीला मी नको ते बोलले, तिनं ते मनावर घेतलं नाही.

यंदा पुन्हा वसंत पंचमीला घाटावर उभी होते. मुलींच्या वह्या हातात, पान न् पान दोनदा तपासलेलं, तरी बोटं सुटेनात. मागून हे इंजिनघरातल्या आवाजात ओरडले, अख्खा घाट वळला : "सोड वं आता. मी हावो ना इथंच."

मी सोडल्या.