रोहित पक्षी बघायला निघालो तेव्हा

लग्नाला चोवीस वर्षं झाली तरी आम्ही दोघंच असे कुठे गेलो नव्हतो. नवऱ्याचं मंचरला खतांचं दुकान, माझी शाळा. एका रविवारी सकाळी चहा पिता पिता हे अचानक म्हणाले, "मढकडं धरणावर रोहित पक्षी आलेत म्हणे. चल, जाऊन येऊ." हे शब्द पुन्हा ऐकायला मिळतील याची खात्री नव्हती. मी ठेवणीतली साडी नेसले आणि पाच मिनिटांत मोटरसायकलवर बसले.

ओतूर सोडलं, आणि मढच्या अलीकडे गाडीने दोन आचके दिले नि बंद पडली. किका मारून मारून हे घामाघूम झाले. रस्त्याकडेला एक घर दिसलं. अंगणात सडा, रांगोळी, खुर्च्या मांडलेल्या. निदान पाना तरी मिळेल म्हणून आम्ही गाडी ढकलत तिकडे नेली.

फेटा बांधलेले एक गृहस्थ धावतच पुढे आले. "या पावणं, या! गाडी बंद पडली म्हणून फोन आला व्हता. आमी म्हणलं, आता काय येत न्हाईत!"

हे हरखून गेले. "बघ," माझ्या कानात म्हणाले, "कुणीतरी आपल्याला बघून फोनसुद्धा केला. काय माणसं आहेत!"

हातपाय धुवायला पाणी आलं, मग पोहे आले. गृहस्थांनी विचारलं, "मुलगा न्हाई आला?"

"तो पुण्याला असतो. त्याला कुठला वेळ!" हे पोहे खात म्हणाले. "आम्ही दोघंच निघालो."

"बरं केलं. आधी मोठ्यांनी बघितलेलं बरं."

"तेच म्हटलं, आपण तरी बघून घ्यावं," हे म्हणाले. त्यांच्या डोक्यात अजून पक्षीच होते.

तेवढ्यात डोक्यावरून पदर घेतलेली एक मुलगी चहाचा ट्रे घेऊन आली नि माझ्या हातातला चमचा खाली पडला. मी यांना कोपरानं ढोसलं. यांना वाटलं, मला आणखी पोहे हवेत.

"विचारा काय विचारायचं ते," मुलीचे वडील म्हणाले.

हे पुढे सरसावले. "इथं जवळपास गॅरेज कुठंय?"

सगळे एकमेकांकडे बघू लागले. मुलगी मात्र न अडखळता म्हणाली, "फाट्यावर हाय, पण रविवारी बंद असतं. झालंय काय गाडीला?"

"आचके देऊन बंद पडली."

"प्लग असंल. बघू का?" तिनं ट्रे ठेवला. आमच्याकडचा ट्रॅक्टर तीच बघते, असं तिची आई घाईघाईनं मला सांगू लागली. मग मात्र मला राहवेना. मी हात जोडले नि खरं काय ते सांगून टाकलं. यांचा घास तोंडातच राहिला. वडील इतके हसले की फेटा सुटला.

आम्ही निघायला उठलो, पण मुलगी तोवर गाडीपाशी पोचली होती. पदर खोचून तिनं प्लग काढला, सँडपेपरनं घासला, बसवला. एका किकेत गाडी सुरू झाली. त्याच वेळी फाटकातून एक जीप आत आली. खरे पाहुणे! आणि मुलीचे दोन्ही हात काळेकुट्ट.

मुलाच्या आईनं आधी ते हात पाहिले, मग माझ्याकडे वळून विचारलं, "तुम्ही मुलीच्या कोण?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "मावशी."

मागून मुलगा उतरला. लाजत त्यानं विचारलं, "आमच्या जीपचं पण इंजिन तापतंय. जरा बघता का?"

मग मावशीला कोण सोडतंय? दुसऱ्यांदा पोहे खाल्ले, मुलीचं तोंड भरून कौतुक केलं. त्यातलं निम्मं तर डोळ्यांदेखत घडलेलंच होतं. बाहेर पडलो तोवर ऊन कलंडलं होतं. धरण तसंच राहिलं.

महिनाभरानं लग्नाची पत्रिका घेऊन स्वतः मुलीचे वडील दुकानात आले. लग्नात मला मावशीच्या मानाची साडी मिळाली. आणि हे मांडवभर सांगत फिरत होते, "पहिला प्रश्न मीच विचारला होता!"