चौथीतलं पाचवं मूल

नव्वद सालाच्या आसपास मी भाईंदरकडच्या मुर्धा गावाच्या पुढे, मिठागरांच्या अंगाला असलेल्या एका शाळेत बाई होते. शाळा म्हणजे एक खोली आणि त्या खोलीत चार वर्ग. पहिली दाराशी, चौथी खिडकीशी, दुसरी-तिसरी अधेमधे. फळ्याचे मी खडूने चार भाग केले होते, पण तिसरीचा गुणाकार लांबला की दुसरीच्या हद्दीत घुसायचा आणि दुसरीवाले बोंब ठोकायचे. एका वर्गाला शिकवताना बाकीच्यांनी मुकाट लिहीत बसायचं, असा नियम. बसायची बिचारी. कान मात्र सगळ्यांचे माझ्याकडे.

त्या वर्षी शाळेतल्या एकतीस मुलांत चौथीची चारच उरली. वरून निरोप आला की साहेब तपासणीला येतायत, चौथीत पाच मुलं नसतील तर वर्ग बंद, मुलांना भाईंदरला पाठवा. चारांतल्या तीन मुली होत्या. इतक्या लांब त्यांना कुणी धाडलं नसतं. त्या घरी मासळी सुकवत बसल्या असत्या. माझं डोकं फिरलं. आणि डोकं फिरलं की मला हमखास भलतंच काहीतरी सुचतं.

दुसरीत एक उंचाडी पोरगी होती. तपासणीच्या सकाळी मी तिला दप्तरासकट चौथीत नेऊन बसवलं.

"साहेबांनी विचारलं तर चौथी सांगायचं. कळलं?"

"पन बाई, मला चौथीचं सगलं येतंय," ती म्हणाली, जणू तीच अडचण होती.

साहेब आले ते चिखलाने भरलेले बूट हातात घेऊन. आल्या आल्या चौथीला विचारलं, "महाराजांनी पहिला किल्ला कोणता घेतला?"

खरे चौघे भीतीने गार पडले होते.

"तोरणा!" पहिलीतून आवाज आला. बोलणारं पोर बदक रंगवत होतं, त्याने मानसुद्धा वर केली नाही. मी त्याच्याकडे असे डोळे वटारले की दुसऱ्या कुणीही रंगपेटी मिटली असती.

साहेब भागाकाराकडे वळले. आता माझी उंचाडी सुटली. भागाकार झाला, नद्या झाल्या, कविता तर तिने हातवारे करून म्हटली. मधेच वळून तिसरीतल्या एकाचा पाढाही दुरुस्त केला. मी पदराआडून तिला खुणा करत होते की पुरे, बाई, पुरे! तिला वाटलं, मी शाबासकी देतेय. ती आणखी चेकाळली.

साहेब खूश. "अहो, ही मुलगी इथं कशाला कुजवताय? उद्याच भाईंदरला पाचवीत पाठवा. मी चिठ्ठी देतो."

म्हणजे चौथीत पुन्हा चारच!

पोरगी रडायलाच लागली. "मी न्हाय जानार!"

"अगं, रडतेस काय? आता कितवीत आहेस तू?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मग आठवून आठवून खरं ते सांगितलं, "काल दुसरीत व्हते. आज चौथीत हाय."

मी उभ्या उभ्या सगळं कबूल केलं. साहेबांनी तिला दुसरीत परत पाठवलं, बोटाने चौथी मोजली आणि पेन काढलं.

तेवढ्यात दुसरीतून हुंदके देत तिने विचारलं, "सायेब, चौथी गेली तर आमी ऐकायचं कोनाचं?"

साहेबांचं पेन थांबलं. त्यांनी एकदा सगळ्या खोलीवरून नजर फिरवली. पहिलीतलं ते पोर अजून बदकच रंगवत होतं. मग त्यांनी बराच वेळ शेरेबुकात लिहिलं, बूट उचलले आणि निघून गेले.

मी वही उघडली. लिहिलं होतं, "चौथीत मुले चार. चौथी शिकणारी मुले एकतीस. वर्ग चालू ठेवावा."

मी चारही वर्गांसमोर भोकाड पसरलं.