लाडवांचे दोन डबे आणि माझी चौकशी

आता तुम्हीच सांगा, कारखान्यात वीस मशीनं सांभाळणारा माणूस घरातल्या अडीच किलोच्या पोरीपुढे हरेल का? मी हरलो! कसा ते ऐका, चहा गार झाला तरी चालेल.

सायलीला, म्हणजे माझ्या बायकोला, बाळंतपणानंतर नुकतंच तळेगावला घरी आणलं होतं. पोरगी अंगावर घेतली की नुसतं तोंड मारायची, सुटायची आणि किंचाळायची. सायलीच्याही डोळ्यांत पाणी. माझा जीव खालीवर. मी निदान केलं, दूध कमी आहे!

मला चौकशीची भारी हौस. घोरावाडी स्टेशनवर एका मावशींना विचारलं. "आळीव दे की खिरीतनं!" कामावर विचारलं, "शतावरी." दुकानदाराने तर मेथीचे आणि डिंकाचे असे लाडवांचे दोन डबेच बांधून दिले. दोन दिवस मी बाळंतिणीला नुसता भरवत होतो. ती म्हणायची, "अरे, ऐक ना..." मी म्हणायचो, "आधी लाडू!"

तिसऱ्या दिवशी तिला कणकण आली. पोरगी रडून थकली. मग मात्र घाबरलो आणि आरोग्य केंद्राच्या आशाताईंना बोलावून आणलं.

त्यांनी सायलीला तपासलं आणि माझ्याकडे वळल्या. "दादा, दूध कमी न्हाई, लय झालंय! छाती दगडागत ताठलीय. बाळ धरंल कुटं?"

मग त्यांनी सायलीला दाखवलं. स्तनाग्राभोवती बोटं टेकवून मिनिटभर छातीकडे हलकेच दाबून धरायचं. तेवढा भाग मऊ झाला, हाताने थोडं दूध काढलं आणि काय आश्चर्य, पोरीने गपकन धरलं! चुटुचुटु आवाज यायला लागला. मला रडूच आलं, खोटं कशाला सांगू? पाजून झालं की गार पाण्याची घडी ठेवायची, हेही त्यांनी बजावलं.

"पण ताई, तुम्हाला हे कळलं कसं?" माझी चौकशी सुरूच!

"तिला इचारलं. तुमी इचारलं न्हाई व्हय?"

"सगळ्या मावळाला विचारून आलाय, ताई," सायली म्हणाली. "मी तेवढी राहिले."

उरलेले लाडू शिक्षा म्हणून मलाच संपवावे लागले. पंधरवड्याने आशाताई काटा घेऊन आल्या. पोरीचं वजन झकास वाढलेलं! मी आनंदाने पुढे सरकलो, तशा त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"दादा, तुमी नका चढू. काटा बाळाचा हाय!"