मागू नका

मुलगी नर्स झाली आणि पहिलीच नेमणूक भामरागडच्या जंगलातल्या दवाखान्यात मिळाली, तेव्हा मला रडू आलं होतं. बदलीसाठी तिला पटवायचं ठरवूनच मी तिथे गेले. गाव लख्ख सारवलेलं, मोहाच्या सावलीत निवांत होतं. आणि घरी पाहुण्यांसमोर तोंड न उघडणारी माझी सुमी दवाखान्याच्या ओसरीवर एका म्हातारीशी माडिया बोलीत मोकळेपणाने गप्पा मारत होती. माझ्याकडे बघून म्हातारी काहीतरी बोलली.

"काय म्हणतात गं?"

"म्हणतात, पोरगी आम्हाला दिलीत, आता परत मागू नका."

लेकरू आपण वाढवतो, पण ते किती मोठं झालं, हे दुसऱ्याच्या अंगणात कळतं. मी म्हातारीचा हात हातात घेतला.

"त्यांना सांग, नाही मागणार."