गंगेवर पंचवीस मिनिटं

शिवकांताकाकूला घड्याळ वाचता येत नव्हतं, पण लातूरच्या स्टँडवरून कुठली गाडी सुटली ते ती भांडी घासता घासता सांगायची. आमचं घर स्टँडच्या मागच्याच गल्लीत. वळणावर गाडीनं गिअर बदलला की काकू मान वर न करता म्हणायची, "निलंगा गेली. आज उशीर केला बया." गल्लीत कुणाला परगावी जायचं असलं की तो आधी काकूला विचारायचा आणि मग स्टँडवर जायचा. कुठं उतरायचं, पुढची गाडी कुठून धरायची, भाकरी किती बांधायच्या, सगळं ती सांगायची. "गाडी वाट बगत न्हाई, आपन बगायची," हे तिचं ठरलेलं वाक्य.

एवढ्या गाड्या पाठ असलेली ही बाई स्वतः मात्र देवणीला माहेरी जाण्यापलीकडं कुठं गेली नव्हती. कारण नळ. चौकातल्या नळाला रोज संध्याकाळी तासभर पाणी यायचं. रांगेत माणूस नसलं की घागर बाजूला सरकवायला कुणाला लाज वाटत नसे. काका, मी, काकूची दोन मुलं, सगळ्यांच्या सहली तिनं आखल्या आणि स्वतः ती रांगेत उभी राहिली. मी तिची पुतणी, शिकायला तिच्याकडे राहत होते. तिनं आखलेल्या गाडीनं जाऊन फिरून येताना मला कधी काही वाटलं नाही, हे आज लिहितानाही बोचतं.

मग लातूर जिल्हा झाला. साहेब आले, कचेऱ्यांवर नव्या पाट्या लागल्या, गाड्या वाढल्या. काकू म्हणाली, "गाड्या वाढल्या, घागरी तेवढ्याच हायत." पुढं पावसानं ओढ दिली, दुष्काळ पडला आणि रोजचा नळ चार दिवसांआड गेला. गल्ली हवालदिल झाली. काकूनं मात्र बोटांवर दिवस मोजले आणि काकांना सांगितलं की तुमच्या सुटीचे दोन दिवस सापडतात, दुसऱ्या संध्याकाळी नळाला परत यायचं, आपण सगळे नांदेडला जाऊ. रोज पाणी येत होतं तेव्हा तिला एक दिवस सुटी मिळाली नव्हती. ती दुष्काळानं दिली.

बेत तिनंच आखला. पहाटेच्या गाडीनं लोहा, तिथं उतरून कंधारचा किल्ला, मुक्कामाला नांदेड. दुसऱ्या दिवशी गंगा, म्हणजे आपली गोदावरी. दुपारी एकच्या गाडीत बसलं की पाचला लातूर, आणि सहाला नळ. हा नळ चुकला तर पुढचे चार दिवस दारोदार तांब्याभर पाणी मागायचं होतं. किल्ला आमच्यासाठी होता. तिला स्वतःला काय बघायचंय असं मी विचारलं तर म्हणाली, "जे मोजावं लागत न्हाई असं पानी. त्यात बसायचंय मला."

जाताना गाडीत तिनं काकांचं घड्याळ माझ्या मनगटाला बांधलं. "ह्यांना जमायचं न्हाई, ह्यांना माझी दया येती. साडेबाराला मला गंगेतून उठीव. मी न्हाई म्हनले तरी उठीव, हाताला धरून." पंधरा वर्षांची मी, घड्याळ मिळाल्यानं फुगून गेले होते.

किल्ला आम्ही अक्षरशः पळत बघितला. दुसऱ्या दिवशी भाड्याचा टांगा मिळायला वेळ गेला आणि घाटावर पोचलो तेव्हा बारा वाजून पाच मिनिटं झाली होती. नदी आटून मधोमध गेली होती, पण घाटाजवळ एक डोह शिल्लक होता. काकू लुगड्यासकट त्यात उतरली आणि कमरेएवढ्या पाण्यात बसली. घरी भाजी धुतलेलं पाणीही न सांडणारी बाई ओंजळीनं पाणी उचलत होती आणि उगाच सोडून देत होती. मुलं हाका मारत होती, तिचं लक्ष नव्हतं. असा चेहरा मी तिचा आधी पाहिला नव्हता.

साडेबारा झाले. मी म्हटलं, "काकू, वेळ झाली." ती हलली नाही. मी पुन्हा म्हटलं.

"जरा थांब की गं, सुमे."

काका पायरीवरून म्हणाले की राहू दे, संध्याकाळच्या गाडीनं जाऊ. पण त्या गाडीनं नळ गाठला गेला नसता आणि तिनं मला बजावलं होतं. मी पाण्यात उतरले, तिचा दंड धरला आणि तिला उठवलं. ती उठली. मागं वळून बघितलंही नाही तिनं.

परतीच्या गाडीत तिचं ओलं लुगडं खिडकीच्या वाऱ्यावर वाळत होतं. लोह्याच्या पुढं रस्ताभर जनावरं आली. कुठल्या तरी गावचा कळप चाऱ्याला चालला होता. गाडी थांबली. काकू दर दोन मिनिटांनी विचारायची, "किती?" मी सांगायची आणि पुन्हा काट्यांकडं बघत बसायची. पावणेसहाला लातूर आलं. काकू पिशवी माझ्या अंगावर टाकून तडक नळावर गेली, आम्ही घागरी घेऊन मागं. रांगेत नंबर लागला.

सहा वाजले. सात वाजले. नळ नुसता फुरफुरला आणि गप्प झाला. वर टाकीतलंच पाणी संपलं होतं म्हणे. रांग मोडली, बायका घागरी उचलून गेल्या. मी तिथंच रडायला लागले. काकूनं माझे डोळे पुसले. तिच्या पदराला अजून नदीचा वास होता. म्हणाली, "रडतीस कशाला? तू बराबर केलीस. मीच सांगितलं हुतं." मला त्या नळाचा संताप आला, आणि त्याहून जास्त माझा. पुढच्या महिन्यात नळ आठवड्यावर गेला, पण काकूनं स्वतःचा बेत पुन्हा कधी आखला नाही.

पुढं लग्न होऊन मी नांदेडलाच आले. माझ्या घरापासून घाट चालत दहा मिनिटांवर. दर खेपेला मी तिला बोलवायची, दर खेपेला ती "फुडल्या टायमाला" म्हणायची. मग काका गेले आणि काकूनं अंथरूण धरलं.

ती जाण्याच्या आठवडाभर आधी मी भेटायला गेले होते. घरी मुलांची परीक्षा होती, चारच्या गाडीनं परतायचं होतं. तिचा हात हातात असतानाच माझी नजर मनगटाकडं गेली. मी म्हटलं, "काकू, वेळ झाली."

डोळे मिटलेलेच होते तिचे. "जरा थांब की गं, सुमे," ती म्हणाली.

मी उचललेली पिशवी खाली ठेवली. थोड्या वेळानं मागच्या वळणावर गाडीनं गिअर बदलला. काकूच्या ओठांवर हसू आलं.

"नांदेड गेली," ती म्हणाली, आणि माझा हात आणखी घट्ट धरला.