एका तासाचं तर हाय

बाबा, मी हॉटेलातल्या नोकरीसाठी गोव्याला निघाले तेव्हा तुम्ही सोलापूरच्या स्टँडवर आला होतात. सोडायला कसले, ताब्यात द्यायला! सगळी नोकरी एसटीत कंट्रोलर म्हणून काढलेली, त्यामुळे कंडक्टर तुमच्या ओळखीचा. खिडकीतूनच त्याला बजावलंत, "पोरगी हाय माजी. फुडच्या गाडीवाल्याला सांगून बसवा." चोवीस वर्षांची मी, आणि पार्सलासारखी या कंडक्टरकडून त्या कंडक्टरकडे. लाजेनं मान वर झाली नाही. पण दहा तासांच्या त्या रस्त्यात एकदाही भीती वाटली नाही, हेही खरं.

वर्षातून दोनदा मी घरी यायचे. दहा तास जायला, दहा यायला, म्हटल्यावर कुणी जास्त बोलायचं नाही.

मग सोलापूर-गोवा विमान सुरू झालं. भावानं मोबाईलवर वेळ बघितली आणि अख्ख्या शुक्रवार पेठेत सांगून आला, ताई आता एका तासावर. एक तास! माझ्या हॉटेलपासून विमानतळ गाठायलाच दोन तास जातात. तिथं आधी जाऊन ताटकळायचं ते वेगळंच, आणि विमान काही रोज नाही. पण आत्या फोनवर म्हणालीच, "माजी लेक मंद्रूपास्नं एसटीनं तासात येती की. तुला काय झालं?" अंतर कमी झालं, रजा तेवढीच राहिली, आणि दोष सगळा माझ्या पदरात पडला.

तुमच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन भावानं याच एका तासाच्या जोरावर ठरवलं. मंगळवारी भल्या सकाळी माझं विमान, दुपारी तुमचं ऑपरेशन. विमानतळावर काउंटरवरची बाई हसून म्हणाली, "आजची फ्लाइट कॅन्सल आहे, मॅम." पुढची थेट शुक्रवारी. तुम्हाला फोन केला, तर तुम्ही निवांत. "एक गाडी बंद पडली तर दुसरी सोडत्यात की. थांब तितंच." बाबा, ती एसटी नव्हे! फोन आपटला आणि मिळेल ती बस धरली.

दवाखान्यात तुमचं नाव पुकारलं, तर तुम्ही जागचे हलला नाहीत म्हणे. "लेक येतीय. एका तासाचं तर हाय. ती आल्याबिगर आत जात न्हाय मी." डोळ्यात थेंब घातलेले, तसेच बाकावर बसून राहिलात. डॉक्टर बाकीचे पेशंट उरकून निघून गेले. मी संध्याकाळी पोचले आणि चारचौघांत तुमच्यावरच ओरडले. विमानवाल्यांपैकी ओरडायला कुणी समोर नव्हतं. तुम्ही होतात.

दोन आठवड्यांनी तुम्ही ऑपरेशन करून घेतलंत, मला न कळवता. भाऊ नंतर म्हणाला, "बाबाच म्हणले, तिला सांगू नको."

मला राग आहे. भावाच्या मोबाईलचा, आत्याच्या टोमण्यांचा, त्या हसऱ्या काउंटरचा, माझा स्वतःचा. आणि तुमचाही, बाबा. पूर्वी दर रविवारी फोन ठेवताना तुम्ही विचारायचात, "कधी येतीस?" मला वैताग यायचा. आता नळाला पाणी आलं, ऊन लई हाय, एवढं सांगता आणि फोन ठेवता. या परक्या गावात मी त्या एका प्रश्नावर दिवस काढत होते, हे आत्ता कळतंय. माझं घर तेवढंच होतं.

विचारा की बाबा. मी चिडेन, रजा नाही म्हणेन. तरी विचारा.